ताम्रपत्रावर उभारलेले रोम

पाथरवटाच्या मुलाने इमारती बांधण्याचे स्वप्न पाहावे, यात नवल ते काय? व्हेनिसजवळ १७२० साली जन्मलेल्या जोव्हान्नी बात्तिस्ता पिरानेसीला वास्तुविद्येचे धडे मामांकडून मिळाले. १७४० मध्ये राजदूताच्या परिवारातील आरेखक म्हणून तो रोमला आला. परंतु बांधावयास कोणी काही देईना. तेव्हा त्याने जुसेप्पे वासी याजकडे मुद्राचित्रणाची कला अभ्यासिली.

तांब्याच्या पत्र्यावर मेणासारखा लेप चढवून सुईने रेखाटन करावयाचे व पत्रा आम्लात सोडावयाचा. लेप खरवडलेल्या रेषाच तेवढ्या आम्ल खाते. त्यांत शाई भरून ओलसर कागद दाबला की चित्र उमटते, मात्र उलटे! म्हणून पत्र्यावरील अक्षरेही उलटीच कोरावी लागत. फळ्यावर सुलटी अक्षरे काढतानाही आम्हा शिक्षकांची त्रेधा उडते, असो.

पिरानेसीने भग्नावशेष स्वतः मोजले, पायांचे व भिंतींचे छेद रेखाटले आणि १७५६ साली रोमच्या प्राचीन वास्तूंवर चार खंड प्रसिद्ध केले. रोमच्या दृश्यांची त्याची १३५ मुद्राचित्रे आहेत. त्यांतील माणसे मुद्दाम चिमुकली काढलेली. त्यामुळे कमानी अवाढव्य भासतात. ही अतिशयोक्तीच, पण प्रेमापोटी केलेली. त्याच्या काल्पनिक तुरुंगांच्या चित्रांत तर जिने कोठे पोहोचतात तेच उमगत नाही.

अखेर १७६४ ते १७६६ या काळात आव्हेंतिन टेकडीवरील एका जुन्या चर्चचे नूतनीकरण त्याच्या हातून झाले. प्रत्यक्षात उतरलेली त्याची वास्तू ती एवढीच. मुद्राचित्रांवर मात्र तो स्वतःस ‘व्हेनिसचा वास्तुविशारद’ म्हणवीत असे. १७७८ साली तो वारला. त्याची समाधी त्याच चर्चमध्ये आहे.