वेगाचा घसारा

वाणिज्य शाखेच्या पहिल्याच वर्षी 'घसारा' हा शब्द आम्हांला भेटतो आणि पदवी हाती पडेपर्यंत पाठ सोडत नाही. स्थिर हप्ता पद्धत, घटत्या शिलकेची पद्धत, यंत्र किती तास चालले त्यावरून काढायची पद्धत अशा नाना रीती आम्ही पाठ करतो, ताळेबंदात दहा टक्के कापतो आणि मोकळे होतो. प्रत्यक्षात काही घासले जात आहे, त्याची भुकटी होऊन ती वाऱ्यावर उडत आहे, हे मात्र कुठल्याच गणितात दिसत नाही. तसा डोळ्यांना दिसणारा घसारा पाहायचा असेल तर वेगवान मोटारीचे ब्रेक आणि टायर पाहावेत. तिथे पहिलाच प्रश्न अडतो तो असा, की हा घसारा मोजायचा कशावर? वर्षांवर, किलोमीटरवर, की आणखी कशावर?

साधी गाडी वापरणारा माणूस किलोमीटरवर मोजतो आणि त्याचे बरोबरही असते. वेगवान गाडीला हे माप लागू पडत नाही. ब्रेक गाडीला थांबवतो म्हणजे तिच्या गतीतली ऊर्जा उष्णतेत बदलतो. ही ऊर्जा वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढते, हे शाळेत शिकलेले आपण विसरलेलो असतो. चालकासह पंधराशे किलो वजनाची गाडी ताशी १०० किलोमीटर वेगावरून थांबवली तर सुमारे ५ लाख ८० हजार ज्यूल उष्णता निघते. वेग दुप्पट म्हणजे २०० केला, तर ती चौपट होऊन २३ लाखांवर जाते. एवढ्या उष्णतेत सात लिटर पाणी उकळीला येईल. आणि चांगली गाडी हे काम पाच-सहा सेकंदांत उरकते!

आपल्याकडचे उदाहरण घेऊ. बेळगावहून चोर्ला घाटाने साखळीला उतरताना सुमारे सातशे मीटर उंची उतरावी लागते. त्याच वजनाच्या गाडीचा हिशेब केला तर घाटभर मिळून एक कोटी ज्यूलच्या आसपास ऊर्जा कुठेतरी जिरवावी लागते. त्यातला मोठा वाटा, चालक शहाणा असेल तर, खालच्या गिअरमध्ये इंजिनच सोसते. काही हवा सोसते. उरलेला ब्रेकच्या वाट्याला येतो, तोही अर्ध्या-पाऊण तासात विभागून. उलट शर्यतीच्या मार्गावर २०० वरून ८० वर येणे एकेका फेरीत अनेकदा घडते. दर वेळी १९ लाख ज्यूल धरले तर सगळा चोर्ला घाट दोन फेऱ्यांत संपतो. दोन फेऱ्या म्हणजे चार-पाच मिनिटे. गाडी चालली जेमतेम दहा किलोमीटर. किलोमीटरच्या हिशेबाने झीज नगण्य आणि चाकाशी मात्र तवा तापलेला.

हा तवा बहुतेक गाड्यांत बिडाचा असतो. आपल्या उद्यमबागेतल्या फाउंड्र्यांत बीड ओतताना पाहिलेल्यांना हे नवे नाही. बीड स्वस्त, उष्णता पिणारे आणि ओतायला सोपे. तापाने चकतीला तडे जातात, ती पातळ होत जाते. किती पातळ झाली की काढून टाकायची तो आकडा मिलिमीटरमध्ये चकतीवरच दिलेला असतो. तिला दाबून धरणारे पॅड तर आधीच संपतात. पण बिडाची चकती बदलणे हा सोसण्यासारखा खर्च आहे.

खरी गंमत पुढे आहे. पोर्शे कंपनीने २००१ च्या ९११ जीटी२ या गाडीला कार्बन तंतू आणि सिलिकॉन कार्बाइड यांपासून केलेल्या सिरॅमिक चकत्या बसवल्या. वजन बिडाच्या जवळपास निम्मे, गंज नाही, ब्रेकची काळी पूड चाकांवर फारशी बसत नाही. पिवळ्या रंगाच्या कॅलिपरवरून त्या लगेच ओळखू येतात. रस्त्यावर रोजच्या वापरात त्या वर्षानुवर्षे टिकतात. अमेरिकेत नव्या ९११ जीटी३ वर हे ब्रेक हवे असतील तर हजारो डॉलर जादा मोजावे लागतात, म्हणजे कित्येक लाख रुपये. आणि पुढे चारही चकत्या सुट्या घेऊन बदलायच्या झाल्या तर त्याहून बरेच जास्त.

या चकत्या बिडासारख्या नुसत्या पातळ होत नाहीत. अति तापल्या की त्यांतला कार्बन हवेशी संयोग पावून आतून जळत जातो. जाडी तशीच दिसते, वजन उतरते. म्हणून चकतीवर किमान वजन कोरलेले असते. चकती उतरवायची, काट्यावर ठेवायची आणि सराफाने दागिना तोलावा तशी तोलायची! हिशेबशास्त्राच्या विद्यार्थ्याला याहून सुंदर घसारा कुठे सापडणार? अंदाजाची टक्केवारी नको, गेलेले ग्रॅम मोजा आणि खर्ची टाका. त्यामुळेच नेमाने शर्यतीच्या मार्गावर जाणारे कित्येक मालक सिरॅमिक चकत्या काढून घरी जपून ठेवतात आणि बिडाच्या बसवतात. महाग वस्तू विकत घ्यायची आणि तिचा वापर परवडत नाही म्हणून ती कपाटात ठेवायची, हा व्यवहार वरकरणी वेडेपणाचा वाटतो. हिशेबाने तो चोख आहे.

टायरचेही असेच, फक्त तिथे झीज लपत नाही. रस्त्याला चिकटणारे रबर मऊ असावे लागते आणि मऊ रबर लवकर झिजते. दोन्ही गुण एकदम वाढवणे फार कठीण. अमेरिकेत टायरच्या बाजूवर टिकाऊपणाचा एक आकडा छापावा लागतो. प्रमाण टायरला १०० धरून तो ठरतो. साध्या कौटुंबिक गाडीच्या टायरवर तो ५००-६०० दिसतो, मिशेलिनच्या पायलट स्पोर्ट ४एस वर ३००, आणि जीटी३ सारख्या गाड्यांना घालतात त्या पायलट स्पोर्ट कप २ वर १८०. हा आकडा कंपनीच ठरवते, तेव्हा दोन कंपन्यांची तुलना करताना जपून. पण एकाच कंपनीच्या दोन टायरांतला फरक त्यातून कळतो.

उदाहरणादाखल आकडे घेऊन हिशेब मांडतो. साध्या गाडीचे चार टायर २८ हजारांचे आणि ४० हजार किलोमीटर चालणारे, म्हणजे किलोमीटरला सत्तर पैसे. वेगवान गाडीचे चार टायर दोन लाखांचे आणि दहा हजार किलोमीटर चालणारे, म्हणजे किलोमीटरला वीस रुपये. तीच गाडी लिटरला सात किलोमीटर देते आणि पेट्रोल १०५ रुपये धरले, तर इंधनाला पंधरा रुपये पडतात. टायर पेट्रोलच्या वर चढले! 'ॲव्हरेज किती देते?' हा आपला आवडता प्रश्न अशा गाडीला विचारणे निरर्थक आहे. त्यात या गाड्यांची मागची चाके पुढच्यांपेक्षा रुंद असतात. तेव्हा मागचे टायर पुढे घालून आयुष्य वाढवण्याची आपली जुनी युक्तीही चालत नाही. बुगाटी वेरॉनविषयी सांगतात ते याच मासल्याचे आहे. पूर्ण वेगात तिचे टायर पंधरा मिनिटे टिकतात, पण काळजी नको, कारण पेट्रोल बारा मिनिटांतच संपते.

आता जुन्या गाडीचा मुद्दा. 'नवी परवडत नाही, सेकंड-हँड घेऊ' असे वसतिगृहात रात्री फार ऐकू येते. समजा एक कोटीची गाडी दहा वर्षांनी तीस लाखांना मिळाली. गाडीचा भाव घटत्या शिलकेने उतरला. पण तिच्या चकत्या, पॅड, टायर एक कोटीच्या गाडीचेच राहिले. त्यांचा भाव उतरला नाही, उलट चढला असेल. आधीच्या मालकाने गाडी विकली, ती पुष्कळदा हे बिल समोर दिसू लागल्यावरच. नवा मालक गाडी घेण्यात रिकामा झालेला असतो, म्हणून तो पुढे ढकलतो, आणि ढकलतो तेही नेमके नको ते.

ब्रेक ऑईल घ्या. या सगळ्या यादीतली सर्वांत स्वस्त वस्तू. ते हवेतला ओलावा शोषत राहते. डॉट ४ जातीचे ऑईल ताजे असताना २३० अंशांच्या आत उकळू नये असा नियम आहे; ओलावा मुरलेल्या ऑईलला ही मर्यादा १५५ अंशच आहे. उकळले की नळीत वाफ होते, वाफ दाबली जाते आणि पायाखालचा पेडल सरळ तळाला जातो. लाखांची चकती जागच्या जागी शाबूत, आणि गाडी थांबत नाही.

टायरचे वयही असेच विसरले जाते. न चालवताही रबर वर्षांगणिक कडक होत जाते. ३० नोव्हेंबर २०१३ रोजी कॅलिफोर्नियात सांता क्लॅरिटा येथे २००५ ची पोर्शे कॅरेरा जीटी आदळून अभिनेता पॉल वॉकर आणि गाडी चालवणारा त्याचा मित्र, दोघेही गेले. तपासात मुख्य कारण अतिवेग हेच ठरले. ताशी ७२ किलोमीटरच्या मर्यादेत गाडी १३० ते १५० वर होती. पण त्याच तपासात आणखी एक नोंद झाली, की टायर नऊ वर्षांहून जुने होते आणि त्यामुळे गाडीच्या पकडीवर परिणाम झाला असावा. म्हणजे एकाच वस्तूला दोन घसारे लागतात, एक वापराचा आणि एक पंचांगाचा, आणि जो आधी पुरा होईल तो खरा.

विजेवर चालणाऱ्या वेगवान गाड्यांनी या खात्यात थोडी अदलाबदल केली आहे. पोर्शेच्याच टायकानमध्ये रोजच्या वापरातले सुमारे नव्वद टक्के ब्रेकचे काम मोटरच करते आणि ऊर्जा बॅटरीत परत जाते, असे कंपनी सांगते. पॅड वाचले, पण बॅटरीमुळे गाडीचे वजन दोन हजार किलोंच्या पुढे गेले आणि तो भार टायरवर आला.

जुनी वेगवान गाडी पाहायला कुणी गेलाच, तर किलोमीटरचा काटा शेवटी पाहावा. टायरच्या बाजूला लंबगोलात चार आकडे असतात. '२३१९' असेल तर २०१९ च्या तेविसाव्या आठवड्यात तो तयार झाला. ब्रेक ऑईल केव्हा बदलले त्याची पावती मागावी. आणि कॅलिपर पिवळे दिसले, तर गॅरेजमध्ये चाक उतरवून चकती काट्यावर ठेवायला सांगावी. विकणारा त्याला तयार नसेल, तर चारही चकत्यांची किंमत वजा करून मग बोली सुरू करावी.