सदिश अवकलनाचे संकेतन

सदिश अवकलनाचे संकेतन : स्थलानुसार बदलणाऱ्या भौतिक राशींचे वर्णन संक्षेपाने करण्यासाठी भौतिकीत वापरली जाणारी चिन्हपद्धती. तापमान, दाब यांसारख्या केवळ परिमाण असलेल्या राशींना अदिश, तर वेग, प्रेरणा यांसारख्या परिमाण व दिशा असलेल्या राशींना सदिश म्हणतात. अवकाशातील प्रत्येक बिंदूशी अशी एक राशी निगडित असली म्हणजे त्या राशीचे क्षेत्र होते.

या पद्धतीचे मध्यवर्ती चिन्ह ∇ (डेल किंवा नाब्ला) हे होय. ते राशी नसून कारक आहे, म्हणजे पुढील राशीवर करावयाच्या क्रियेची ती सूचना आहे. त्याचे घटक ∂/∂क्ष, ∂/∂य व ∂/∂ज्ञ ही तीन दिशांतील आंशिक अवकलने आहेत. ∇ व पुढील राशी यांमध्ये काहीच नसेल, बिंदू असेल किंवा फुली असेल, त्यानुसार क्रिया बदलते. या एका बारकाव्याकडे दुर्लक्ष झाल्यामुळेच विद्यार्थ्यांचा बहुतेक गोंधळ होतो. त अदिश व ग सदिश असल्यास ∇त (प्रवणता) सदिश, ∇·ग (अपसरण) अदिश व ∇×ग (कुंतल) सदिश येते. ∇·त याला अर्थच नाही. समीकरणाच्या दोन्ही बाजू एकाच जातीच्या आहेत की नाहीत हे आकडेमोडीपूर्वी पाहिल्यास पुष्कळ चुका तेथेच उघड होतात.

मुद्रणात सदिश राशी ठळक ठशाने व हस्तलेखनात अक्षरावर बाण काढून दाखवितात. देवनागरीत अक्षराच्या डोक्यावर अनुस्वार, रफार व मात्रा आधीच असल्याने बाणाची अडचणच होते. येथे ग हे अक्षर वाऱ्याच्या वेगासाठी वापरले असून त्याचे पूर्वेकडील, उत्तरेकडील व वरच्या दिशेचे घटक अनुक्रमे प, फ व ब मानले आहेत. क्ष, य व ज्ञ ही अंतरेही त्याच क्रमाने मोजली आहेत.

या चिन्हांचा अर्थ समजण्यास रत्नागिरीचा किनारा सोयीचा आहे. तो साधारणपणे दक्षिणोत्तर असून पश्चिमेस अरबी समुद्र व पूर्वेस सह्याद्री आहे. उन्हाळ्यात दुपारी जमीन समुद्रापेक्षा अधिक तापते. समजा, किनाऱ्यालगत ३० किमी. अंतरात तापमान पूर्वेकडे ३° से. ने वाढते. ∇त हा सदिश कमाल वाढीची दिशा व दर सांगतो; येथे तो पूर्वेकडे, दर किमी.ला ०·१° से. इतका आहे. दाबाच्या बाबतीतही प्रवणता जास्त दाबाकडे रोखलेली असते, परंतु हवेवरील प्रेरणा कमी दाबाकडे असते. म्हणून गतीच्या समीकरणात दाबाच्या प्रवणतेपूर्वी ऋण चिन्ह येते.

आता समुद्रावरून ताशी १८ किमी. वेगाने खारा वारा सुटला, तर (ग·∇)त याचे मूल्य ताशी १·८° से. येते. जमिनीच्या उष्णतेचा परिणाम वगळल्यास तापमान त्याच दराने उतरेल. हाच वारा किनाऱ्याला समांतर वाहिल्यास ग व ∇त परस्परांना लंब होऊन उत्तर शून्य येते व वाऱ्याने गारवा येत नाही. येथे क्रम महत्त्वाचा आहे. ∇·ग ही संख्या आहे, तर ग·∇ हा पुढे राशीची अपेक्षा करणारा कारक आहे. साध्या गुणाकारातील अदलाबदलीची मुभा येथे नाही.

अपसरण म्हणजे बिंदूभोवतालच्या लहान घनफळातून, दर एकक घनफळास, बाहेर पडणारा निव्वळ प्रवाह. समजा, पावसाळी वारा समुद्रावर सेकंदास ८ मी. वेगाने येतो आणि जमिनीच्या घर्षणाने २० किमी. आत ६ मी. होतो. तेव्हा ∂प/∂क्ष = −०·०००१ प्रतिसेकंद. फ बदलत नाही असे धरू. खालच्या थरात हवेची घनता फारशी बदलत नसल्याने ∇·ग = ० मानता येते, म्हणून ∂ब/∂ज्ञ तितकेच पण धन असले पाहिजे. याचा अर्थ ५०० मी. उंचीवर हवा सेकंदास सु. ५ सेंमी. वेगाने वर चढते. सह्याद्रीच्या उतारावर मात्र हा वेग ग·∇उ इतका असतो (उ ही जमिनीची उंची). २० मी. अंतरात १ मी. चढ व सेकंदास १० मी. वारा घेतल्यास तो ५० सेंमी., म्हणजे दहापट येतो. आंबा घाटाच्या परिसरात किनाऱ्यापेक्षा अधिक पाऊस पडण्यामागील हे एक प्रमुख कारण होय.

कुंतल स्थानिक परिवलन दर्शविते. त्याचा ऊर्ध्व घटक (∂फ/∂क्ष − ∂प/∂य) असून घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने होणाऱ्या फिरण्यास तो धन असतो. उत्तर गोलार्धातील चक्री वादळाच्या गाभ्यात तो धन असतो. ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ हे चक्री वादळ रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावर आले, तेव्हा रत्नागिरी जिल्हा त्याच्या केंद्राच्या दक्षिणेस होता. अशा स्थितीत केंद्राच्या उत्तरेस वारा जमिनीकडून समुद्राकडे, तर दक्षिणेस समुद्राकडून जमिनीकडे वाहतो. मंडणगड व दापोली तालुक्यांत घरांची व नारळी-पोफळीच्या बागांची मोठी हानी झाली. कुंतलाचे चिन्ह चुकल्यास धोक्याची बाजूच उलट ठरते.

तथापि वक्र मार्ग म्हणजे कुंतल असे समीकरण मांडणे चुकीचे आहे. सरळ रेषेत वाहणारा वारा किनाऱ्याजवळ मंद व समुद्रावर वेगवान असल्यास त्यालाही कुंतल असते. उलटपक्षी, केंद्रापासूनच्या अंतराच्या व्यस्त प्रमाणात वेग घटणाऱ्या भोवऱ्यात केंद्राखेरीज इतरत्र कुंतल शून्य असते. प्रवाहात सोडलेली लहान भिंगरी स्वतःभोवती फिरते का, ही खरी कसोटी होय.

ही पद्धती एका हाताने घडलेली नाही. ∇ हे चिन्ह डब्ल्यू. आर. हॅमिल्टन यांनी योजले. नाब्ला हे नाव तशाच आकाराच्या एका प्राचीन तंतुवाद्यावरून आले. जे. सी. मॅक्सवेल यांनी १८७३ मधील विद्युत् चुंबकत्वावरील ग्रंथात अपसरणाऐवजी उलट चिन्हाचे अभिसरण वापरले होते. बिंदू व फुली यांचा आजचा प्रघात मुख्यतः जे. डब्ल्यू. गिब्ज यांचा असून त्यांच्या व्याख्यानांच्या आधारे ई. बी. विल्सन यांनी १९०१ मध्ये लिहिलेल्या पाठ्यपुस्तकाने तो रूढ झाला. सहनिर्देशक बदलले तरी ∇·ग हे लेखन तसेच राहते. घटकांतील विस्तार मात्र बदलतो. वादळाच्या केंद्रापासून अंतर व कोन मोजल्यास वर दिलेली तीन अवकलने जशीच्या तशी वापरता येत नाहीत. [→ अवकलन व समाकलन, चक्रवात].