डिंकाचा रंग काय सांगतो?



उन्हाळा लागला, तुरी निघाल्या, कापसाचा शेवटचा वेचा झाला की आपल्या पांढरकवडा, झरी, मारेगाव, घाटंजी या भागातील पोडांवरची माणसे डिंकासाठी जंगलात निघतात. हातात पैसा नसण्याच्या दिवसांत हेच चार पैसे मिळतात. कोणाचे बियाणे त्यातून येते, कोणाच्या मुलीचे पुस्तक येते. म्हणूनच गाठोडे सोडल्यावर व्यापारी जेव्हा म्हणतो, "हा काळा आहे, याला भाव नाही," तेव्हा तो एक शब्द साऱ्या घराला लागतो.

एकाच झाडाचा डिंक एकदा पांढरा आणि एकदा काळपट का निघतो? हा प्रश्न मला पहिल्यांदा विचारला गेला त्याला आता पंचवीस वर्षे होतील. मी या भागात नुकताच बदलून आलो होतो. मृगाच्या सुरुवातीला दोन सरी पडून गेल्या होत्या. एका कोलाम पोडावरची बाई पदरात दोन पुरचुंड्या बांधून कार्यालयात आली. एकीत स्फटिकासारखा पांढरा डिंक होता, दुसरीत तांबूस-काळा.

"सायेब, दोनी एकाच झाडाचे हायेत. झाडाले रोग लागला का?"

मी कृषी पदवीधर. झाड न पाहताच सांगून टाकले, "बुरशी लागली असेल. ते झाड सोडा, दुसरे घ्या." त्यांनी माझे ऐकले आणि दोन नव्या झाडांना खाचा पाडल्या. त्यांचाही डिंक काळाच निघाला. मग त्या बाईचे सासरे मला जंगलात घेऊन गेले. झाडावरून पावसाचे तपकिरी ओघळ खाचेत उतरलेले त्यांनी दाखवले. दहा-बारा दिवस तसाच चिकटून राहिलेला डिंक दाखवला. कुऱ्हाडीची खाच आत लाकडात किती शिरली होती, तेही बोट घालून दाखवले. म्हणाले, "झाड बिमार नाई, सायेब. आपनच उशिरा आलो, अन् खोल गेलो."

डिंकाच्या रंगाविषयी मी पुढे जे वाचले, त्याचे सार या एका वाक्यात आले होते.

काही रंग झाडाचेच असतात

प्रत्येक गडद डिंक खराब नसतो, हे आधी ध्यानात घ्यावे. पळसाच्या सालीतून माणकासारखा लाल रस येतो. तो वाळून त्याचे लाल खडे होतात आणि जुने झाले की काळसर पडतात. हाच बाजारातला कमरकस. बिजा किंवा बिवळ्याच्या झाडावर घाव घातला तर रक्त आल्यासारखे वाटते. तो त्याचा जातिवंत रंग आहे, झाडाला काही झालेले नसते. शेवग्याचा डिंक बाहेर येताना पांढरा असतो आणि हवा लागली की तांबूस होतो. बाभळीचा डिंक फिकट पिवळ्यापासून तांबूस तपकिरीपर्यंत निघतो. सालईचा सोनेरी, सुवासिक चीक तर खरा डिंक नव्हेच. त्यात राळ असते, म्हणून तो जाळला की धुपासारखा वास येतो.

धावडा आणि कढई यांचे मात्र तसे नाही. धावड्याचा चांगला डिंक फिकट, मधाच्या रंगाचा असतो. आपल्या घरी लाडवांसाठी तुपात तळला की लाहीसारखा फुलतो तो हाच किंवा बाभळीचा. कढई म्हणजे ते पांढऱ्या, कागदी सालीचे झाड, चांदण्या रात्री भुतासारखे दिसणारे. काही ठिकाणी त्याला कुलू किंवा पांढरुक म्हणतात. त्याचा डिंक पाण्यात टाकला की पुरता विरघळत नाही, फुगून लगदा होतो, आणि त्याला किंचित आंबूस वास येतो. या फुगण्याच्या गुणामुळेच तो पोट साफ होण्याच्या औषधात आणि कवळी घट्ट बसवण्याच्या भुकटीत वापरतात. या दोन्ही डिंकांत रंग जितका फिकट, तितका भाव चांगला. म्हणून या झाडांचा काळा डिंक हाती आला तर कुठे काय चुकले ते शोधले पाहिजे.

काळा का पडतो?

घरातले उदाहरण घ्या. वांगे चिरून ठेवले की थोड्याच वेळात काळे पडते. वांगे सडलेले नसते, त्याच्या रसाला हवा लागलेली असते. झाडाच्या सालीत टॅनिन नावाचे तुरट द्रव्य असते. चहाला तुरटपणा येतो तो याच जातीच्या द्रव्यांमुळे. डिंक सालीला चिकटून जितके दिवस राहील, तितके ते द्रव्य त्यात उतरते आणि हवेने गडद होते. पाऊस पडला की सालीवरचे पाणी ते धुऊन थेट खाचेत आणते. शिवाय सालीचे तुकडे, माती, वणव्याची राख आणि धूर हेही डिंकात मिसळतात. ओला डिंक गाठोड्यात बांधून ठेवला तर त्यावर बुरशी येते.

कढईचा उत्तम डिंक एप्रिल ते जूनमध्ये, पाऊस सुरू होण्याआधी मिळतो. तेव्हा तो पांढरा असतो आणि फुगतोही जास्त. पावसाळ्यात काम थांबते. सप्टेंबरनंतर पुन्हा काढला तर तो गडद आणि गुणाला उणा असतो. म्हणून त्या बाईच्या पहिल्या पुरचुंडीत एप्रिलचा माल होता आणि दुसरीत मृगाचा.

हा नियम आपल्याच जंगलाचा आहे असे नाही. कॅनडात आणि अमेरिकेच्या उत्तर भागात थंडी सरताना मेपल नावाच्या झाडाला भोक पाडून रस काढतात. तो पाण्यासारखा स्वच्छ असतो. सुमारे 40 लिटर रस आटवला की 1 लिटर पाक होतो. हंगामाच्या सुरुवातीचा पाक सोनेरी होतो, शेवटी शेवटी गडद होतो, आणि झाडाला कळ्या फुटू लागल्या की रसाची चवही बिघडते. तिथलाही शेतकरी पाकाचा रंग पाहून हंगाम कुठवर आला ते ओळखतो. आपली शिंदीची नीरा पाहा. पहाटे ती नितळ असते, ऊन चढले की आंबून दुधाळ होते. झाड तेच असते, फक्त वेळ गेलेली असते.

काय करावे?

1. खाच सालीच्या जाडीपुरतीच, तळहाताएवढी असावी. लाकडाला हात लावू नये. डिंक सालीतून मिळतो. खोल गेल्याने तो वाढत नाही, उलट लाकूड उघडे पडून बुरशी आणि वाळवी आत शिरते.

2. 90 सेंटिमीटरपेक्षा कमी घेराच्या कढईला हात लावू नये. जुन्या खाचेला लागून नवी खाच पाडू नये. खोडाला सगळीकडून घाव घातले तर झाड मरते. एक हंगाम काढल्यावर झाडाला विश्रांती द्यावी.

3. खाच पाडण्याआधी खोडावरची सुटी साल आणि धूळ पुसून घ्यावी. कढईचा डिंक लगेच वाहू लागतो आणि पहिल्या 24 तासांत सर्वांत जास्त येतो, पुढे काही दिवस थोडा थोडा येत राहतो. तेव्हा दोन-चार दिवसांनी फेरी करावी. आभाळ भरून आले असेल तर वाट पाहू नये.

4. डिंक जमिनीवर पडू देऊ नये. स्वच्छ टोपलीत गोळा करावा आणि कापडावर पसरून सावलीत वाळवावा. पुरता वाळल्याशिवाय बांधू नये.

5. घरी आल्यावर पांढरा, पिवळसर आणि काळा असे तीन ढीग करावेत. सालीचे तुकडे काढून टाकावेत. धावडा, कढई, बाभूळ यांची मिसळ करू नये. पसाभर काळा डिंक पायलीभर पांढऱ्याचा भाव खाली आणतो. निवडण्याच्या या कामात घरातील बायकांचा हात बसलेला असतो. मग विकायला जाताना त्यांनाही बरोबर न्यावे.

6. झाडाला भोक पाडून इथेफॉन हे औषध भरल्यास डिंक वाढतो, असे संशोधनात दिसले आहे. पण मात्रा चुकली तर झाड जाते. प्रशिक्षणाशिवाय हा प्रयोग कोणी करू नये.

एक खुलासा बागाईतदारांसाठी. तुमच्या संत्र्याच्या खोडातून, जमिनीलगत, तपकिरी डिंक गळत असेल तर मात्र तो डिंक्या रोग आहे. तिथे रंगाची चर्चा करत बसू नये. रोगट साल खरवडून 1 किलो मोरचूद, 1 किलो कळीचा चुना आणि 10 लिटर पाणी यांची बोर्डो पेस्ट लावावी आणि खोडाशी पाणी साचू देऊ नये.

हक्काची गोष्ट

वन हक्क कायदा, 2006 प्रमाणे आदिवासी आणि पारंपरिक वननिवासींना गौण वनोपज गोळा करण्याचा आणि विकण्याचा हक्क आहे. ग्रामसभेने सामूहिक दावा मंजूर करून घेतला असेल तर सर्वांचा माल एकत्र विकता येतो. 2013-14 पासून केंद्राच्या किमान आधारभूत किमतीच्या योजनेत कढईच्या डिंकाचाही समावेश आहे. चालू दर आदिवासी विकास महामंडळाच्या कार्यालयात विचारून मगच बाजारात जावे. टिपेश्वर अभयारण्याच्या हद्दीत वनविभागाला विचारल्याशिवाय डिंकासाठी शिरू नये. वाघाचा मुलूख आहे. इतरत्रही एकट्याने जाऊ नये.

शेवटी माझ्या चुकीविषयी. माझ्या सल्ल्याने ज्या दोन कढईंना खाचा पडल्या, त्यांतली एक काही वर्षांनी वादळात पडली. मी पाहायला गेलो तर खाचेपासून वर हातभर खोड पोकळ झालेले होते. दुसरी अजून उभी आहे. त्या आजोबांनी तिला पुन्हा कधी कुऱ्हाड लावू दिली नाही. खाचेच्या कडांवर साल भरत आली आहे आणि तिच्या बिया भाजून खायला पोडावरची पोरे आजही तिथे जातात.

तेव्हा या उन्हाळ्यात काळा डिंक हाती आला तर झाडाला दोष देण्याआधी आपण किती दिवसांनी आलो आणि किती खोल गेलो, हे आठवून पाहावे. आणि कोणी साहेब झाड न पाहताच सल्ला देऊ लागला, तर त्याला आधी झाडापाशी न्यावे.