विमा नसलेल्या मोटारीचा अपघात

(नभोवाणीवरील भाषण)



रस्त्यांत अपघात झाला कीं भोंवतीं जमलेल्या माणसांत एक अनुभवी गृहस्थ हटकून असतो. "पोलिसांच्या भानगडींत कशाला पडतां? दहा-वीस हजार घ्या आणि आपसांत मिटवून टाका," असें तो सांगतो. समोरच्या मोटारीचा विमा उतरलेला नसला म्हणजे तर ह्या सल्ल्याला भलताच जोर चढतो. "विमाच नाहीं, मग तुम्हांला देणार कोण?" आज मी ह्याच प्रश्नाविषयीं बोलणार आहें.

विम्याची सक्ती आपल्याकडे नवी नाहीं. १९३९ च्या मोटार कायद्यांत ती होती व तो भाग १ जुलै १९४६ पासून अंमलांत आला. हल्लींच्या १९८८ च्या कायद्याप्रमाणें त्रयस्थ माणसाला होणाऱ्या इजेचा विमा असल्यावांचून कोणतेंहि खाजगी वाहन सार्वजनिक रस्त्यावर आणतां येत नाहीं. तरीहि बिनविम्याचीं वाहनें पदोपदीं आढळतात. २०१८ च्या सप्टेंबरपासून नव्या मोटारीचा ३ वर्षांचा व दुचाकीचा ५ वर्षांचा विमा एकदम घ्यावा लागतो. ती मुदत संपली कीं पुढचा हप्ता मालकाच्या आठवणीवर राहतो, आणि जुन्या गाडीच्या बाबतींत ही आठवण फार क्षीण असते.

एक उदाहरण कल्पूं. अडतीस वर्षांचा एक भाजीविक्रेता यवतहून पुण्याकडे दुचाकीवरून येत आहे. त्याची महिन्याची प्राप्ति वीस हजार रुपये. मागून भरधांव आलेल्या मोटारीची धडक बसून तो दगावतो. घरीं पत्नी, दोन लहान मुलें व म्हातारी आई. मोटारीचा विमा संपून वर्ष लोटलेलें. चालक म्हणतो, गाडी माझ्या नांवावर नाहीं. ज्याच्या नांवावर आहे तो म्हणतो, मीं ती केव्हांच विकली.

प्रथम ह्या कुटुंबाचा हक्क किती तें पाहूं. सर्वोच्च न्यायालयानें २००९ व २०१७ सालच्या निकालांनीं हिशेबाची रीत घालून दिली आहे. चाळिशीच्या आंतील स्वतंत्र व्यावसायिकाच्या प्राप्तींत भावी वाढीचे शेंकडा ४० मिळवावयाचे. म्हणजे २८,००० झाले. अवलंबून असणारीं माणसें चार, म्हणून मृताच्या स्वतःच्या खर्चाचा चौथा हिस्सा वजा करावयाचा, उरले २१,०००. वर्षाचे २,५२,०००. अडतीस वर्षांच्या वयास १५ हा गुणक लागतो. गुणाकार ३७,८०,००० रुपये! अंत्यविधि वगैरेंच्या ठराविक रकमा निराळ्याच. चालकाची चूक सिद्ध झाल्यास इतका हक्क पोंचतो. आतां त्या अनुभवी गृहस्थाचे वीस हजार ह्याच्या शेजारीं मांडून पाहा.

हे द्यावयाचे कोणीं? चालकानें आणि मालकानें. मालक कोण, ह्याचाहि निकाल २०१८ सालीं लागलेला आहे. वाहनाच्या नोंदणींत ज्याचें नांव, तो कायद्याच्या दृष्टीनें मालक. विक्रीचा कागद त्याला त्रयस्थाच्या दाव्यांतून सोडवीत नाहीं. जुनी गाडी विकून नांव बदलण्याची टाळाटाळ करणारांनीं हें अवश्य ऐकावें.

पण येथेंच खरी मेख आहे. विमा कंपनीची तिजोरी खोल असते; मालकाच्या खिशांत कांहीं सांपडेलच असें नाहीं. निवाडा सदतीस लाखांचा आणि वसूल शून्य, ही स्थिति टाळावयाची तर सुरुवातीच्या दिवसांतच हालचाल केली पाहिजे. पोलिसांनीं अडकवलेली मोटार परत मिळावी म्हणून मालक लवकरच न्यायालयांत अर्ज करतो. त्या वेळीं घरीं सुतक असतें आणि अर्जाकडे कोणाचें लक्ष नसतें. अपघातांतील बिनविम्याचें वाहन पुरेसें तारण घेतल्याशिवाय सोडूं नये, तारण न दिल्यास तीन महिन्यांनीं त्याचा लिलाव करून पैसे अपघात न्यायाधिकरणाकडे भरावे, असा नियम सर्व राज्यांनीं करावा, असें सर्वोच्च न्यायालयानें २०१८ च्या सप्टेंबरांत फर्माविलें. म्हणून एखाद्या नातलगानें वकिलामार्फत त्या अर्जास लेखी हरकत घ्यावी. लिलावांत जुन्या मोटारीचें फारसें येत नाहीं, हें खरें. परंतु गाडीच्या लोभानें मालक ऐपतदार जामीन उभा करतो, आणि माझ्या मतें ह्या नियमाचें खरें मोल तेंच आहे.

निवाड्याचे पैसे न दिल्यास न्यायाधिकरण कलेक्टराकडे दाखला पाठवूं शकतें व रक्कम जमीनमहसुलाच्या थकबाकीप्रमाणें वसूल होते. मालकाच्या नांवें सात-बाराचा उतारा असेल तर हा मार्ग कामाचा, मात्र संथ.

दावा अपघाताच्या जागींच लावला पाहिजे असें नाहीं. अर्जदार राहतो तेथील न्यायाधिकरणांतहि तो चालतो. १ एप्रिल २०२२ पासून अर्जास सहा महिन्यांची मुदत घातली आहे. तिच्या वैधतेचा वाद सर्वोच्च न्यायालयांत गेला, पण त्या भरंवशावर कोणीं स्वस्थ बसूं नये. स्त्रियांना व मुलांना विधि सेवा प्राधिकरणाकडून फुकट वकील मिळतो. त्यासाठीं उत्पन्नाची अट नाहीं.

दोन गैरसमज वारंवार ऐकूं येतात. सरकार दोन लाख देतें म्हणतात, तें धडक देऊन पळालेल्या व ठाव न लागलेल्या वाहनाच्या बाबतींत. मोटारीचा नंबर हातीं असतां ती योजना लागू पडत नाहीं. दुसरें, परवाना नसणें आणि विमा नसणें ह्या एकच गोष्टी नव्हेत. चालकाजवळ परवाना नसला तरी पॉलिसी जिवंत असल्यास कंपनीनें आधीं भरपाई द्यावी व मग मालकाकडून वसूल करावी, असे हुकूम न्यायालयें पुष्कळदां देतात. म्हणून "विमा नाहीं" हें मालकाचें तोंडी उत्तर मानूं नये. सरकारी वाहन-नोंदींत नंबरावरून विम्याची मुदत पाहतां येते. जखमी माणूस जिवंत असेल तर २०२५ च्या योजनेप्रमाणें नेमलेल्या रुग्णालयांत सात दिवसांपर्यंत दीड लाखाचा उपचार रोख न भरतां होतो, मग धडक देणाऱ्या गाडीचा विमा असो वा नसो.

आणखी एक गोष्ट बहुधा सर्वांच्याच ध्यानांतून निसटते. आपल्या भाजीविक्रेत्यानें स्वतःच्या दुचाकीचा विमा उतरविला असेल, तर त्यांत मालक-चालकाचा पंधरा लाखांचा वैयक्तिक अपघात विमा असण्याचा संभव आहे. दुचाकी त्याच्याच नांवावर असून त्याचा परवाना चालू असेल, तर ती रक्कम त्याच्याच कंपनीकडून वारसांना मागतां येते. तिच्यासाठीं मोटारवाल्याची वाट पाहावी लागत नाहीं. घरांतील कपाटांत ती पॉलिसी आधीं शोधावी.