हेडगिअर : लाजेपेक्षा तास मोजू या

वरचा जबडा आणि दात फार पुढे आले असतील, तर दातांचे डॉक्टर कधीकधी तारांसोबत हेडगिअरही सांगतात. दाढांना अडकवलेली जाड तार तोंडाबाहेर गालांपर्यंत येते आणि मानेमागच्या किंवा डोक्यावरच्या पट्ट्याला जोडली जाते. पट्ट्याच्या ओढीने वरच्या जबड्याची पुढे होणारी वाढ आवरली जाते.

हे काम वाढीच्या वयातच होतं. मुलींची वाढ मुलांपेक्षा साधारण दोन वर्षं आधी पूर्ण होते. म्हणून 'दाताचं लग्नाच्या वेळी बघू' म्हणून चालत नाही. तोवर हाड पक्कं झालेलं असतं. शिवाय खेळताना पडलं, तर पुढे आलेले दात आधी तुटतात.

पण तेरा वर्षांच्या पोरीला हे घालून नळावर किंवा विहारात जा म्हटलं, तर ती कशी जाईल? वस्तीत घराला घर लागून असतं. कुणीतरी 'लगाम लावला का?' म्हणतं आणि दुसऱ्या दिवसापासून हेडगिअर पेटीत पडतं. तिच्यावर रागावण्याआधी आपण एवढं समजून घेऊ : ते रोज किती तास घातलं याला महत्त्व आहे, चारचौघांत घातलं की नाही याला नाही. साधारण 12 ते 14 तास सांगतात. संध्याकाळी सातला घालून सकाळी सातला काढलं, तर बारा तास घरातच भरतात. रोजचे तास वहीत लिहावेत. पाहुणे आले तर त्यांच्यासमोर यायचं की नाही, हे तिलाच ठरवू द्यावं.

खेळताना हेडगिअर घालू नये. काढताना आधी पट्टा सोडावा, मग तार काढावी. गमतीतही कुणी ते ओढू नये. तार उसळून डोळ्यात जाऊ शकते. डोळ्याला लागलंच, तर त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जावं. तोंडातल्या जंतूंमुळे नजर जाऊ शकते.

आपल्या बीडमध्ये अनेक कुटुंबं दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला निघतात. हेडगिअर मात्र दर महिना-दीड महिन्याला तपासावं लागतं. म्हणून उपचार सुरू करण्याआधीच डॉक्टरांना हंगामाचं सांगावं आणि त्या महिन्यांत मूल कुणाजवळ राहील, त्याला दवाखान्यात कोण नेईल, हे घरात ठरवावं. छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय दंत महाविद्यालयात दात सरळ करण्याचा, म्हणजे ऑर्थोडॉन्टिक्सचा विभाग आहे. पहिल्याच भेटीत विचारावं : किती महिने, किती खेपा, खर्च किती, दुसरा उपाय आहे का? आता काही मुलांना हाडात बसवलेल्या बारीक स्क्रूच्या आधाराने उपचार करता येतात. त्यांना हेडगिअर लागत नाही.

आणि शेजारच्या पोरीच्या तोंडावर तार दिसली, तर तिकडे बघत न बसता तिचा अभ्यास कसा चाललाय ते विचारू या.