महाविद्यालयीन सर्व्हरवरील डिस्क-निरीक्षण सेवा बंद पडण्याची कारणे व उपाय

यवतमाळसारख्या जिल्ह्यातील महाविद्यालयात प्रवेश, ग्रंथालय व परीक्षांच्या नोंदी एकाच सर्व्हरवर असतील, तर त्याची देखभाल बहुधा अध्यापकांकडेच येते. सर्व्हर चालू असतो, नोंदी उघडतात. मात्र हार्ड डिस्कवर लक्ष ठेवणारी सेवा केव्हाच थांबलेली असते. प्रस्तुत लेखात लिनक्सवरील ‘स्मार्टडी’ या सेवेच्या संदर्भात या बिघाडाचे विवेचन केले आहे.

स्मार्टडी हा ‘स्मार्टमॉनटूल्स’ या मुक्त प्रणालीचा भाग होय. गुरुत्वीय लहरींचे अभ्यासक ब्रूस ॲलन यांनी २००२ मध्ये तिचा आरंभ केला. (शेजारच्या हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथ येथे नियोजित असलेली लायगो-इंडिया वेधशाळा याच लहरींसाठी आहे.) डिस्कने स्वतः ठेवलेल्या खराब सेक्टर, तापमान इत्यादींच्या नोंदी ही सेवा दर अर्ध्या तासाने तपासते.

सेवा थांबल्यास प्रथम लॉगमधील एक्झिट कोड पाहावा. कोड १६ असल्यास कॉन्फिगरेशन फाइलमध्ये नावानिशी नोंदवलेली एखादी डिस्क सापडलेली नसते. डिस्क काढली किंवा नवी जोडली, की पुढील बूटच्या वेळी ‘एसडीए’, ‘एसडीबी’ ही नावे बदलू शकतात. येथे लक्षणीय बाब अशी की, एक डिस्क न सापडल्याने उरलेल्या सर्व डिस्कांवरील पहाराही उठतो. यास्तव डिस्कच्या अनुक्रमांकावर आधारित कायम नाव फाइलमध्ये द्यावे. जी डिस्क अधूनमधूनच जोडली जाते, तिच्यापुढे ‘-डी रिमूव्हेबल’ लिहावे.

कोड १७ चा अर्थ निराळा : तपासण्याजोगी एकही डिस्क आढळली नाही. आभासी सर्व्हरवर असे होणे स्वाभाविक आहे. तेथे ही सेवा बंद करून मूळ यंत्रावर चालवावी. हार्डवेअर रेड असल्यास कंट्रोलरमागील डिस्का लिनक्सला थेट दिसत नाहीत. अशा वेळी कंट्रोलरचा प्रकार व डिस्कचा क्रमांक, उदाहरणार्थ ‘-डी मेगारेड,०’, स्पष्ट द्यावा लागतो.

काही जण ‘-क्यू नेव्हर’ हा पर्याय देऊन मोकळे होतात. त्यामुळे सेवा चालू दिसते, परंतु न सापडलेल्या डिस्कवर तिचे लक्ष नसते. हा उपाय रोगापेक्षा घातक होय.

दुरुस्तीनंतर ‘-क्यू वनचेक’ देऊन सेवा एकदा चालवावी. सर्व डिस्का तपासल्या गेल्यास कोड शून्य येतो. फाइलमध्ये ई-मेल पत्त्यासोबत ‘-एम टेस्ट’ लिहिल्यास सेवा सुरू होताच चाचणीचे पत्र येते. ते न आल्यास दोष डिस्कमध्ये नसून पत्रव्यवस्थेत शोधावा.