मदतीचे विमान आणि त्याचा मालक

विलेपार्ल्याच्या पश्चिम भागात राहणाऱ्या माणसाला हेलिकॉप्टरच्या आवाजाचे नवल वाटत नाही. १९२८ साली सुरू झालेला जुहूचा विमानतळ त्याच्या अगदी शेजारी आहे. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन निघाले, ते अहमदाबादमार्गे येथेच उतरले. हल्ली जुहूहून उठणारी हेलिकॉप्टरे पुष्कळदा समुद्राकडे वळतात व बॉम्बे हायच्या तेलफलाटांवर माणसे पोचवितात. १९८५ मध्ये स्थापन झालेल्या सरकारी पवन हंस कंपनीचे आरंभीचे मुख्य काम हेच होते. ही वाहतूक अतिशय महाग असते. पण निघणाऱ्या तेलाच्या किमतीत तो खर्च सहज सामावून जातो. गरज आणि मागणी यांत अर्थशास्त्र जो भेद करते तो येथे स्पष्ट दिसतो. जिच्या पाठीशी पैसा उभा आहे अशा गरजेलाच बाजारपेठ मागणी म्हणून ओळखते. तेलफलाटावरील तंत्रज्ञाच्या प्रवासाला मागणी आहे. पुराने वेढलेल्या अरण्यातील अडलेल्या बाळंतिणीला केवळ गरज आहे.

ही दरी भरून काढण्याचा एक चिकाटीचा प्रयत्न गेली सुमारे ऐंशी वर्षे ख्रिस्ती मिशनांनी चालविला आहे. दुसऱ्या महायुद्धात विमाने चालविलेल्या काही तरुणांच्या मनात असा विचार आला की, हेच कौशल्य दुर्गम मुलखातील मिशनरी, डॉक्टर व रुग्ण यांच्या कामी का येऊ नये? १९४५ मध्ये अमेरिकेत यासाठी संस्था निघाली. पुढे मिशन एव्हिएशन फेलोशिप या नावाने ती ओळखली जाऊ लागली. तिचे पहिले उड्डाण फेब्रुवारी १९४६ मध्ये बेटी ग्रीन या महिला वैमानिकाने मेक्सिकोकडे केले. ब्रिटनमधून जॅक हेमिंग्ज व स्टुअर्ट किंग हे दोघे १९४८ साली एका लहानशा विमानातून आफ्रिकेच्या पाहणीस निघाले आणि त्याच वर्षी बुरुंडीच्या डोंगरात त्यांचे विमान कोसळले. दोघेही बचावले, आणि काम थांबले नाही. पापुआ न्यू गिनीच्या डोंगराळ भागात तर गावकऱ्यांनी फावडी-कुदळी घेऊन उतारांवर धावपट्ट्या खणून काढल्या. भांडवल परदेशी देणगीदारांचे, धावपट्टी गावाच्या श्रमदानाची आणि तिकीट प्रत्यक्ष खर्चापेक्षा कमी, असा हा हिशेब आहे. तो नफ्याचा नाही हे सांगावयास नको. परंतु ज्या वाटेला पायी चार-पाच दिवस लागतात ती वीस-पंचवीस मिनिटांत ओलांडली की लस थंड राहते आणि रुग्ण जिवंत राहतो. या लाभाची किंमत कोणत्याही ताळेबंदात नीट मांडता येत नाही.

तथापि या कामाची खरी कसोटी लागली ती युद्धात. १९६७ ते १९७० या काळात नायजेरियातून फुटून निघालेल्या बियाफ्राची संघराज्य सरकारने नाकेबंदी केली आणि तेथील, बहुसंख्येने ख्रिस्ती, जनता उपासमारीने मरू लागली. तेव्हा प्रॉटेस्टंट व कॅथलिक संस्थांनी एकत्र येऊन साओ तोमे या पोर्तुगीज बेटावरून विमानांनी अन्न पाठविण्यास आरंभ केला. संस्थेचे नाव जॉइंट चर्च एड. तिच्या आद्याक्षरांवरून वैमानिक थट्टेने तिला ‘जीझस क्राइस्ट एअरलाइन्स’ म्हणत. उली येथे हमरस्त्याचाच एक पट्टा रुंद करून धावपट्टी केलेली होती. विमाने रात्री येत, दिवे क्षणभर लागत आणि वर बाँब टाकणारे विमान घिरट्या घालीत असे. सुकवलेला मासा, मीठ आणि दूधभुकटी यांच्या पाच हजारांहून अधिक फेऱ्या झाल्या. सुमारे साठ हजार टन माल उतरला. जून १९६९ मध्ये नायजेरियाच्या हवाईदलाने रेडक्रॉसचे एक विमान पाडल्यावर रेडक्रॉसने उड्डाणे थांबविली. चर्चची विमाने मात्र चालूच राहिली.

हे शौर्य निर्विवाद आहे. त्याचे परिणाम तितके निर्विवाद नाहीत. उलीच्याच धावपट्टीवर रात्री शस्त्रास्त्रांची विमानेही उतरत. मदतीमुळे हरणाऱ्या पक्षाचे बळ टिकले, युद्ध लांबले आणि अखेर अधिक माणसे मेली, असे म्हणणारे अभ्यासक आहेत. उलट, डोळ्यांसमोर मरणाऱ्या मुलाला युद्धनीतीचा हिशेब सांगावयाचा काय, हा प्रश्नही तितकाच रास्त आहे. याचा निकाल आजही लागलेला नाही. एवढे मात्र उघड आहे की विमान कोणाचे आहे, हे जमिनीवरचा माणूस सर्वांत आधी पाहतो.

भारतात मिशनांच्या विमानसेवेने मूळ धरले नाही. त्याला कारणेही तशीच होती. ईशान्येच्या दुर्गम ठाण्यांना तांदूळ पोचविण्याचे काम शासनाने स्वतः हवाईदलाकडे व काही खासगी विमानांकडे सोपविले. परदेशी मिशनऱ्यांविषयीचा संशयही खोल होता. नागपूर राजधानी असलेल्या तेव्हाच्या मध्य प्रदेश सरकारने नेमलेल्या नियोगी समितीचा १९५६ चा अहवाल हे त्याचे ठळक उदाहरण. सेवेआड धर्मांतर होते, हा तिचा मुख्य आक्षेप. तो सर्वस्वी निराधार होता असे म्हणणे जितके भाबडेपणाचे, तितकेच शासनाच्या विमानाला कोणताही हेतू नसतो असे मानणेही भाबडेपणाचे होय. मार्च १९६६ मध्ये मिझो बंडखोरांनी ऐजॉल व्यापले तेव्हा वेढ्यातील आसाम रायफल्सच्या ठाण्यास रसद पोचविण्याचा हेलिकॉप्टरांचा प्रयत्न गोळीबाराने फसला आणि पाठोपाठ हवाईदलाच्या लढाऊ विमानांनी त्या गावावर बाँब टाकले. ज्यांनी तो आठवडा पाहिला, त्यांच्या लेखी विमानाच्या घरघरीचा अर्थ पुढे कित्येक वर्षे एकच राहिला असेल.

महाराष्ट्रात हा प्रश्न गडचिरोलीत उभा आहे. भामरागड तालुका इंद्रावती, पामुलगौतम आणि पर्लकोटा या नद्यांच्या संगमावर वसला आहे. पर्लकोटेवरचा ठेंगणा पूल पावसाळ्यात वारंवार पाण्याखाली जात आला, आणि पूल बुडाला की तालुक्याचा संपर्क तुटतो. जिल्हा रुग्णालय दीडशे किलोमीटरांहून अधिक दूर. या भागात हेलिकॉप्टर येते ते प्रामुख्याने पोलिसांच्या कामासाठी. जखमी जवानांना नागपूरला नेण्यासाठी ते उठते, निवडणुकीत मतदान कर्मचारी हेलिकॉप्टरने केंद्रावर जातात, आणि पुराच्या दिवसांत गरोदर स्त्रीलाही पोलिसांच्याच हेलिकॉप्टरने हलविल्याच्या बातम्या येतात. त्या वैमानिकांचे व जवानांचे ऋण मानलेच पाहिजे. परंतु दोन बाजूंच्या बंदुकांमध्ये वर्षानुवर्षे सापडलेल्या माडिया गावाला, लढाईतील एका पक्षाच्या वाहनात आपली सून चढविताना क्षणभर विचार करावा लागत असेल, तर तो दोष गावाचा नव्हे.

हेलिकॉप्टर आले म्हणजे आरोग्यसेवा आली, असेही नाही. याच जिल्ह्यात डॉ. अभय व राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गावातल्याच स्त्रियांना शिकवून घरोघरी नवजात बालकांची काळजी घेतली. नवजात बालकांचे मृत्यू निम्म्याहून अधिक घटल्याचे निष्कर्ष १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले. हे काम पायी चालत झाले. हेमलकशाचा लोक बिरादरी प्रकल्पही १९७३ पासून आकाशावर नव्हे, मुक्कामावर उभा आहे. हवाई वाहन लागते ते गावातल्या कार्यकर्तीचे कौशल्य जेथे संपते तेथे: शस्त्रक्रियेसाठी, रक्तासाठी, सर्पदंशाच्या अत्यवस्थ रुग्णासाठी. अशा रुग्णांची संख्या थोडी असते आणि म्हणूनच हा खर्च शासनाला न पेलण्याजोगा नाही.

ऑक्टोबर २०२५ मध्ये माओवाद्यांचा ज्येष्ठ नेता मल्लोजुला वेणुगोपाल राव याने साठ साथीदारांसह गडचिरोलीत शस्त्रे खाली ठेवली. त्याच वर्षाच्या पहिल्या दिवशी गट्टा-गर्देवाडा-वांगेतुरी मार्गावर प्रथमच एस. टी. धावली होती. बंदुकांचा आवाज ओसरत असताना आकाशातील वाहनाचे खाते बदलण्याची ही वेळ आहे. हेलिकॉप्टर मागविण्याचा अधिकार भामरागडच्या वैद्यकीय अधिकाऱ्याला असावा, त्यावर रुग्णसेवेचे चिन्ह असावे, त्यातून शस्त्रधारी जाऊ नये आणि त्याचा खर्च गृह विभागाच्या नव्हे तर आरोग्य विभागाच्या शीर्षाखाली पडावा. पर्लकोटेला पूर येण्याचे दिवस जूनअखेरीस सुरू होतात. राज्याचा अर्थसंकल्प मार्चमध्ये मांडला जातो.